ज्युनिपरची बारा रोपं, नागपूरची गच्ची आणि पेन्सिलीएवढं खोड

गच्चीवाला | १६ नोव्हेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदा.

दिवाळी झाल्यावर एका नर्सरीतून ज्युनिपरची बारा रोपं उचलली. एकशे वीस रुपयाला एक. काळ्या पिशवीत, वीतभर ते हातभर उंच. खोड म्हणाल तर पेन्सिलीएवढं, दोन-तीन तर उदबत्त्याच. तयार बोन्साय घ्यायची ऐपत नाही आणि खरं सांगायचं तर घेण्यात मजाही नाही. मला बोन्सायच्या आधीचं झाड घडवायचंय. आज रोप आहे, आठ-दहा वर्षांनी कुणी बघितलं तर त्याला वाटावं की याला आता उथळ कुंडीत घालायला हरकत नाही, तिथपर्यंत.

अडचण अशी की व्हिडिओत सगळे जण मनगटाएवढं खोड घेऊन बसतात आणि अर्ध्या तासात झाड तयार. माझ्याकडे मनगट नाही, काडी आहे. आधी जाड करू आणि मग वळवू, की आधी वळवू? आत्ताच छाटू का? जमिनीत लावू म्हटलं तर घराभोवती सगळी काळी माती. गच्ची प्रतापनगरला, पश्चिमेला पूर्ण उघडी. मेमध्ये तिथे अनवाणी उभं राहून दाखवा, मी तुम्हाला तर्रीपोहे खाऊ घालतो.

बायको म्हणाली, "बारा कशाला आणले? आधी एक मारून बघायचं होतं."

---

उंटावरचा_शहाणा | १६ नोव्हेंबर, रात्री ११:०५

वहिनींशी सहमत.

थंड डोंगरातलं झाड ५६ डिग्रीच्या गावात आणायचं आणि मग ते जगवण्यात जन्म घालवायचा. वड लाव, उंबर लाव, पिंपळ तर गटाराच्या पाइपात पण येतो. चिंचेचं सुंदर होतं. फुकटात मिळतात आणि मरत नाहीत.

---

शमीताई | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

ते ५६ खोटं होतं हो. ३० मे २०२४ ला एका स्वयंचलित केंद्रानं दाखवलं आणि नंतर हवामान खात्यानंच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आपलं ४५-४६ खरं आहे, आणि तेवढं पुरतं.

गच्चीवाला, काहीही करायच्या आधी ती बारा रोपं ज्युनिपरच आहेत का ते बघा. आपल्याकडे मोरपंखी सर्रास ज्युनिपर म्हणून खपते. मोरपंखीची डहाळी चपटी असते, इस्त्री करून वहीत ठेवल्यासारखी, आणि ते पंखे उभे धरलेले असतात. ज्युनिपरची डहाळी सगळ्या बाजूंनी भरलेली, बोटांत फिरवली तर गोल लागते. कोवळ्या रोपावर सुया असतात आणि त्या टोचतात. वय वाढलं की काही जातींत सुया जाऊन खवल्यांसारखी पानं येतात. फळ धरलेलं असेल तर प्रश्नच नाही: मोरपंखीचं फळ शिंगं फुटल्यासारखं, ज्युनिपरचं निळसर गोल मण्यासारखं.

---

गच्चीवाला | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:५८

ऑफिसला जायच्या आधी गच्चीवर जाऊन आलो. बारापैकी तीन मोरपंखी.

नर्सरीवाल्याला फोन केला. तो म्हणतो, "साहेब, दोन्ही एकाच खानदानातले." आता काय बोलणार.

---

शमीताई | १७ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

खानदानाबद्दल तो खरं बोलला, दोन्ही सायप्रसच्या कुळातलेच. पैशांबद्दल नाही.

---

पुणेकर_पाहुणा | १७ नोव्हेंबर, दुपारी १:३०

माझे ज्युनिपर सात वर्षं गच्चीत पूर्ण उन्हात आहेत, सावलीची एकही जाळी नाही. ज्युनिपरला ऊन लागतंच, सावलीत तो विरळ आणि लांबट होतो. जाळीबिळीचे लाड करू नका. बिनधास्त ठेवा कडक उन्हात.

---

उंटावरचा_शहाणा | १७ नोव्हेंबर, दुपारी १:४१

पुण्याचं कडक ऊन आमच्याकडे संक्रांतीला तिळगुळासोबत वाटतात.

---

कुंडीकाका | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

भाऊ, उशीर झाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, म्हणून मी सांगून राहिलो आणि नातू टाइप करून राहिला. चुका त्याच्या.

खोड बारीक आहे म्हणून रडू नको. हीच वेळ आहे. पेन्सिलीएवढं आहे तोवर खोड ऐकते. अंगठ्याएवढं झालं की मग काथ्या गुंडाळा, सळई लावा, खाचा पाडा, सारं लटांबर. आणि नर्सरीतलं जाड झाड जे लोक हौसेनं घेतात, त्याचा खालचा सहा इंचाचा दांडा सरळ असते. तो सरळपणा मग जन्मभर लपवत बसा. तुझ्या काडीला पहिला वळसा मातीपासून दोन बोटांवर घालता येते. हे जाड झाडवाल्याला पैसे देऊन पण मिळत नाही.

जपानात शिम्पाकू म्हणतात तो पण ज्युनिपरच, ज्युनिपरस चायनेन्सिस या जातीचाच प्रकार. पूर्वी त्यांचे लोक दोराला लटकून कड्यावरून झाडं काढायचे, शिकोकू बेटावरच्या इशिझुची डोंगरातून, इतोइगावाकडच्या कड्यांतून. काढून काढून डोंगर रिकामे झाले. मग त्याच झाडांच्या काड्या लावल्या, आणि कोवळ्या असतानाच तारेत पिळून ठेवल्या. आज जे पीळदार शिम्पाकू फोटोत दिसतात त्यातले पुष्कळ असेच काडीचे झालेले आहेत. तुझी काडी काही वेगळी नाही.

आता हात कसा चालवायचा ते.

तार अॅल्युमिनियमची, खोडाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाची. पेन्सिलीला अडीच ते तीन मिलिमीटर. तारेचं एक टोक खोडाच्या पाठीमागून मातीत खुपस, पार पिशवीच्या तळापर्यंत. तिथे ते घट्ट बसलं नाही तर वरची सारी मेहनत वाया, खोड वळवताना तार सैल पडून फिरते. मग तिरकी गुंडाळत वर जा, साधारण पंचेचाळीस अंशात. फार जवळ जवळ घेतली तर ती नुसती स्प्रिंग होते, फार लांब लांब घेतली तर धरत नाही. मध्ये सुया सापडल्या तर थांब, काडीनं बाजूला कर, चिरडू नको.

वळवताना दोन्ही अंगठे आतल्या बाजूला एकमेकांना चिकटलेले पाहिजेत, आणि बोटं बाहेरून. वळणाच्या बाहेरच्या अंगावर तार आली पाहिजे, कारण साल फाटते ती बाहेरून. आणि नुसतं वाकवायचं नाही. ज्या दिशेनं तार गुंडाळली त्याच दिशेनं खोड पिळत पिळत वाकवायचं. कपडे पिळतो तसं, पण गणपतीचा शेला पिळतो तेवढ्या जोरानं. बारीक कुरकुर आवाज येते. कुरकुरीपर्यंत ठीक. "कट्" आलं की थांब.

आणि ते इंग्रजी एस, एस, एस नको. नाग नदी नकाशावर वळते तशी एका पातळीत वळणं पडली की झाड समोरून साप दिसते आणि बाजूनं काठी. एक वळण डावीकडे, दुसरं तुझ्याकडे, तिसरं मागे उजवीकडे. एक लहान, एक मोठं. खालची वळणं जोरकस घाल, कारण खोड जाड होताना वळणं भरून येतात. आज अतीच झालं असं वाटते ते पाच वर्षांनी बरोबर दिसते.

इथे थांबायचं. तार घातली की कात्री पेटीत. टोक कापायचं नाही, खालच्या फांद्या कापायच्या नाहीत. छाटणी, मुळं आणि तार, तिन्ही एकाच हंगामात केले की झाड जाते. मुळांचं काम पुढच्या संक्रांतीनंतर. या नाही, पुढच्या.

बाकी नंतर. नातू पब्जीसाठी मोबाइल मागून राहिला.

---

गच्चीवाला | १९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

काका, हे प्रिंट काढून भिंतीवर लावतो. एक शंका, अॅल्युमिनियमची तार शोधायला वेळ लागेल. घरी स्लॅबच्या वेळची बाइंडिंग तार पडली आहे, ती चालेल?

---

कुंडीकाका | २० नोव्हेंबर, सकाळी ८:००

नाही. ती बारीक असते, वळवताना सालीत रुतते, आणि पावसात गंजून खोडाला चिकटते.

स्वस्तात पाहिजे तर पंखे-मोटर वाइंडिंगवाल्याकडे जा, नाहीतर इतवारीत भंगारवाल्याकडे तांब्याची जाड तार मिळते. वरचं प्लास्टिक सोलून टाक, मग गॅसवर लाल होईपर्यंत तापव आणि थंड होऊ दे. लोण्यासारखी मऊ होते. एकदा वाकवली की कडक होते आणि तिथेच धरून ठेवते, म्हणून गुंडाळताना उलटसुलट करत बसू नको. पण आधी अॅल्युमिनियमवर हात बसव, तांबं चूक माफ करत नाही.

---

नवखी_माळीण | २ डिसेंबर, दुपारी ४:१५

मध्येच घुसते, माफ करा. मला वाढदिवसाला ऑफिसात ज्युनिपरचं छोटं बोन्साय मिळालंय, वरचे पांढरे दगड गोंदानं चिकटवलेले. डेस्कवर आहे, एसीत. रोज स्प्रे करते. अजून छान हिरवंगार आहे, तीन आठवडे झाले. त्याचीही अशी तार लावू का?

---

शमीताई | २ डिसेंबर, संध्याकाळी ५:०२

अगं, आधी ते बाहेर काढ. आजच. ज्युनिपर घरात जगत नाही, त्याला आकाश लागतं. दगड चमच्यानं उचकटून टाक, नाहीतर पाणी आत जातच नाही, वरच्या वर वाहून जातं.

आणि हिरवंगार आहे यावर जाऊ नकोस. ज्युनिपर मेल्यावरही महिना-दीड महिना हिरवा दिसतो. आधी चमक जाते, हिरव्यावर राखेची झाक येते, हात लावला तर सुया कोरड्या वाजतात. तपकिरी होईपर्यंत तेरावं पण उरकलेलं असतं.

माझाच किस्सा. काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेला गेले होते, कुठली ते जाऊ दे. फी भरून प्रत्येकीला एक ज्युनिपर. तीन तासांत आम्ही निम्म्याहून जास्त हिरवं कापलं, सगळ्या फांद्यांना तारा घातल्या, मुळं कापून उथळ ट्रेमध्ये लावलं, वर शेवाळ, शेजारी चिनी मातीचा म्हातारा मासेमारी करतोय. काय सुंदर दिसत होतं म्हणून सांगू! घरी आल्यावर पाच आठवडे मी येईल-जाईल त्याला दाखवत होते. ते झाड बहुधा पहिल्या आठवड्यातच गेलेलं होतं. त्या दिवशीच्या अठरा जणींपैकी ज्या माझ्या ओळखीच्या, त्यांच्याकडे आज फक्त म्हातारा शिल्लक आहे.

वडासारखी झाडं मुळांत ऊर्जा साठवून असतात, पानं काढली तरी पुन्हा फुटतात. ज्युनिपरचं भांडवल बरंचसं पानांतच. कापलं की ते गेलं. एका वेळेला तिसऱ्या हिश्शाहून जास्त हिरवं काढत नाही मी कधी, आणि तेही झाड तगडं असेल तरच.

---

नवखी_माळीण | २ डिसेंबर, संध्याकाळी ५:४०

सुया कोरड्या वाजतायत.

---

शमीताई | २ डिसेंबर, संध्याकाळी ५:४४

अरेरे. तरी बाहेर ठेव. उन्हाळ्याआधी नवीन घे, या वेळी नर्सरीच्या पिशवीतलं. म्हातारा जपून ठेव.

---

भटकभवानी | ९ डिसेंबर, रात्री १०:२०

मी जूनमध्ये लाहौलला चालले आहे. तिथे डोंगरावर ज्युनिपर आहेत ना? एखादं छोटं मुळासकट आणलं तर? अस्सल हिमालयातलं!

---

शमीताई | ९ डिसेंबर, रात्री १०:५१

कृपा करून नको. तिकडचे ज्युनिपर फार सावकाश वाढतात, हातभर झाड तुझ्या आजीच्या वयाचं असू शकतं. लोक त्याची डहाळी धूप म्हणून जाळतात, पूजतात. जंगलातून उपटणं हा गुन्हा तर आहेच, वर ते झाड बर्फात वाढलेलं, नागपूर स्टेशनवर उतरल्या उतरल्या राम म्हणेल. फोटो आण. वाऱ्यानं एका बाजूची साल कशी गेली आहे, वाळलेलं पांढरं लाकूड आणि जिवंत सालीची पट्टी शेजारी शेजारी कशा पिळत जातात, याचे जवळून काढलेले फोटो मला हवेत.

---

गच्चीवाला | १४ जानेवारी, रात्री ८:१५

तिळगुळ घ्या. हा अहवाल.

दोन रविवारांत नऊच्या नऊ रोपांना तारा घातल्या. पहिलं रोप करायला दीड तास लागला, शेवटचं वीस मिनिटांत. पहिल्या तिघांची वळणं भित्री आहेत, लांबून बघितलं तर सरळच वाटतात. चौथ्यापासून धीर आला. सहाव्याला जरा जास्तच आला, कारण तिथे "कट्" झालं.

मातीपासून चार बोटांवर, बाहेरच्या अंगानं साल आणि आतलं लाकूड अर्ध्यापर्यंत चिरलंय. पिवळसर आतलं दिसतंय, वास मात्र फार छान येतोय, पेन्सिल टोकदार केल्यासारखा. फेकू का?

---

कुंडीकाका | १४ जानेवारी, रात्री ८:४०

फेकू नको. अर्धं शाबूत आहे ना? जरासं वळण सैल कर, चीर मिटेपर्यंत. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काप, ओढून घट्ट गुंडाळ, आणि वर्षभर तिकडे बोट लावू नको. सावलीत सरकव, पंधरा दिवस. वरचं हिरवं जसंच्या तसं राहू दे, तेच त्याला बरं करते.

जगलं तर त्या जागी गाठ येते, आणि ती गाठ पुढे सगळ्यात पाहण्यासारखी जागा होते. माझ्याकडे एक आहे, लोक विचारतात कसं केलं. मी सांगत नाही की हातातून तुटलं होतं.

---

गच्चीवाला | ३ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

काका, तुम्ही पुढच्या संक्रांतीनंतर म्हणालात तरी विचारतोच. पिशव्यांमध्ये नुसती काळी माती आहे. पाणी घातलं की चिखल, वाळली की भेग. मुळं सडतील अशी भीती वाटते. माती बदलू?

---

कुंडीकाका | ३ फेब्रुवारी, रात्री ७:३०

भीती बरोबर आहे. आपली काळी माती कपाशीला सोनं आणि कुंडीत विष. ओली झाली की फुगते, हवा बंद. वाळली की आकसते आणि बारीक मुळं तोडते.

पण नुकतीच तार घातली आहे. मग असं कर. मुळं उकलू नको, कापू नको. पिशवी फाडून तो गोळा अख्खाच्या अख्खा मोठ्या भांड्यात बसव, आणि भोवती भरड माल भर. पुढे मुळं त्यात आपोआप येतात. पुढच्या वर्षी संक्रांत ते महाशिवरात्र या दिवसांत अर्ध्या बाजूची काळी माती काढ, त्याच्या पुढच्या वर्षी उरलेली अर्धी.

भांडं म्हणशील तर बाजारात भाजी धुवायची प्लास्टिकची जाळीची टोपली मिळते ना, ती. मुळं जाळीपर्यंत येतात, हवा लागली की टोक वाळते आणि मागून चार नवीन फुटतात. कुंडीत गोल गोल फिरत नाहीत. माल म्हणजे विटेचे तुकडे हरभऱ्याएवढे, कन्हान नदीची रेती जाडी जाडी चाळून घेतलेली, आणि पानांचं खत मूठभर. विटा आणि रेती दोन्ही बारीक चाळणीनं चाळून धूळ काढून टाक. धूळ राहिली तर महिन्याभरात सिमेंट. चाळायला कंटाळा येते हे मला माहीत आहे. तरी चाळ.

जमिनीत लावायची हौस असेल तर मुरूम आणि रेतीचा फूटभर उंच वाफा कर, त्यात. खोड तिथे कुंडीपेक्षा कितीतरी वेगानं भरते. रोपाखाली एक फरशीचा तुकडा ठेवला की मुळं खाली न जाता आडवी पसरतात, पुढे बुंध्याशी पंजा दिसते. पण गच्चीवाल्याला कुठला वाफा.

---

उंटावरचा_शहाणा | ३ फेब्रुवारी, रात्री ७:५५

एका काडीसाठी वीट फोडा, रेती चाळा, ट्यूब कापा. मी वडाची फांदी मातीत खोचली होती, आता तिच्याखाली स्कूटर लावतो.

---

गच्चीवाला | १९ एप्रिल, सकाळी ७:०५

अडचण. टोपल्यांमध्ये छान चाललं होतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरवी टोकं सुटली. गेल्या आठवड्यापासून तीन झाडं आतल्या बाजूनं फिकट, धूळ बसल्यासारखी. पाणी दोन वेळ देतोय. एका ओळखीच्यानं सांगितलेलं सगळ्या किडींवरचं औषध मारलं, तर आणखीच वाढलं.

---

शमीताई | १९ एप्रिल, सकाळी ७:३१

पांढरा कागद डहाळीखाली धरा आणि डहाळीवर टिचकी मारा. ठिपके पडतील. अर्धा मिनिट थांबा. ठिपके चालायला लागले तर लाल कोळी. कागदावर बोटानं पुसा, रेघ ओढली जाईल.

कोरडं आणि गरम, म्हणजे त्यांच्यासाठी आपला एप्रिल पर्वणीच. सरसकट औषधानं कोळ्यांना खाणारे किडे मेले असणार आणि कोळी राहिले. आता औषध नको. रोज सकाळी पाइपच्या तोंडावर बोट धरून, खालून वर, आतल्या बाजूला जोरात पाणी मारा. त्यांची जाळी मोडायची. आठ-दहा दिवस नेमानं. नाहीच हटले तर कोळ्यांसाठीचं वेगळं औषध मिळतं, ते संध्याकाळी.

---

गच्चीवाला | १९ एप्रिल, सकाळी ७:५०

चालले. ठिपके चालले! शी.

---

कुंडीकाका | २१ एप्रिल, संध्याकाळी ६:४५

आता डोळा बरा आहे, स्वतः टाइप करून राहिलो.

मे यायच्या आधी टोपल्या हलव. पुणेकर पाहुणे म्हणाले ते त्यांच्याकडे खरं आहे, ज्युनिपरला ऊन पाहिजेच. आपल्याकडे सकाळी अकरापर्यंतचं पाहिजे. त्याच्यानंतर अर्धी सावली देणारी हिरवी जाळी, आणि पश्चिमेकडून आडोसा. वरून जाळी लावून पश्चिम उघडी ठेवतात लोक, मग चार वाजताची लू सरळ आत. आणि भांडी स्लॅबवर ठेवू नको, विटांवर ठेव. झाड वरून नाही जळत, मुळांकडून शिजते. काळ्या पिशवीत दुपारी बोट खुपसून पहा.

पाइपातलं पहिलं पाणी बाल्टीत सोड. दुपारभर तापलेलं असते, चहा होईल त्यात. पाणी सकाळी सहाला आणि सूर्य बुडाल्यावर.

---

गच्चीवाला | २८ मे, रात्री ११:२०

दोन गेले.

आणि चूक माझीच. लग्नासाठी चार दिवस अमरावतीला गेलो होतो. शेजारच्या काकूंना सांगितलं पाणी घाला. त्यांनी नेमानं घातलं. फक्त नळाला तेवढा जोर नव्हता म्हणून कूलरच्या टाकीतलं काढून घातलं. मी आल्यावर म्हणाल्या, "थंड पाणी होतं बाळा, झाडांना बरं वाटलं असेल."

परत आलो तेव्हा काही दिसलं नाही. आता तिसऱ्या आठवड्यात दोन राखाडी पडले, हात लावला की कोरडे वाजतात. खरंच कूलरच्या पाण्यानं होऊ शकतं?

---

शमीताई | २९ मे, सकाळी ६:५०

होऊ शकतं. कूलर दिवसभर पाणी उडवतो, क्षार उडत नाहीत. ते टाकीतच साठत जातात, आणि आपण वरून आणखी पाणी भरत राहतो. वाळ्याच्या ताट्यांवर तो पांढरा खरखरीत थर येतो ना, तोच तुमच्या टोपलीत गेला. त्यात बोअरचं पाणी असेल तर बघायलाच नको. उरलेल्या टोपल्यांमधून नळाचं साधं पाणी भरपूर, खालून वाहून जाईल इतकं, तीन-चार दिवस सोडा. भरड माल आहे म्हणून धुतलं जाईल. काळ्या मातीत हे जमलं नसतं.

काकूंना काही बोलू नका.

---

गच्चीवाला | २९ मे, सकाळी ७:१५

नाही बोललो. त्यांनी कैरीचं लोणचं दिलंय.

---

गच्चीवाला | २६ जुलै, रात्री ९:००

पाऊस लागला आणि सात झाडं सुटली आहेत. तुटलेलं ते सहावं सगळ्यात जोरात. ट्यूबच्या पट्टीच्या वर-खाली फुगवटा दिसतोय. एकाची कोवळी टोकं मात्र फिकट होऊन मग तांबूस-राखाडी होतायत, खालचा भाग ठीक आहे.

---

शमीताई | २६ जुलै, रात्री ९:२२

बुरशी. पानं रात्रभर ओली राहतात, टोपल्या दाटीवाटीनं आहेत. वाळलेल्या भागाच्या खाली दोन बोटं, कोरड्या दिवशी, स्पिरिटनं पुसलेल्या कात्रीनं कापा. टोपल्या लांब लांब करा, जाळी काढून टाका आता. तांब्याचं बुरशीनाशक एकदा.

---

गच्चीवाला | ११ सप्टेंबर, रात्री १०:०५

मारबतीची मिरवणूक बघून आलो, घसा बसलाय. काका, आज तारा तपासल्या. खालच्या दोन वेढ्यांत तार खोडात रुतली आहे, एका ठिकाणी तर साल दोन्हीकडून वर येऊन तार अर्धी गिळली आहे. काढू का?

दुसरं, प्रत्येक झाडाचा शेंडा हात-दीड हात वर गेलाय. बायको म्हणते डिशचा अँटेना कुठला आणि झाड कुठलं ते कळत नाही. कापू का?

---

कुंडीकाका | १२ सप्टेंबर, सकाळी ८:२०

खोडावर रुतली तर रुतू दे थोडी. फांदीवर रुतली असती तर काढ म्हटलं असतं, तिथे वळ जन्मभर दिसते. कोवळ्या खोडाला तार चावली की साल तिच्याभोवती पिळत फुगते, तो पीळच आपल्याला पाहिजे. दिवाळीनंतर काढ. उलगडत बसू नको, साल निघते. वायर कटरनं प्रत्येक वेढा तिथल्या तिथे तोड आणि तुकडे उचल. गिळलेला तुकडा निघत नसेल तर राहू दे आत. मग खोड थोडं उलटं सरकते, तेव्हा दुसऱ्या दिशेनं नवीन तार, जुन्या वळांच्या मधून.

शेंडा कापायचा नाही. अँटेना दिसते ते बरोबर आहे, त्याचं काम तेच. तो जेवढं वर हिरवं करते तेवढं खाली लाकूड चढते. त्याला आपण नंतर बळी देणार आहोत, चार-पाच वर्षांनी. पण एकदम कापून नाही, हळूहळू हिरवं कमी करत, आणि शेवटी साल सोलून तो दांडा पांढरा करून ठेवायचा, वीज पडलेल्या झाडासारखा. तोवर एक काम कर. खालून दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर जी लहान फांदी बाहेरच्या अंगाला आहे, ती पुढचं खरं झाड आहे. तिच्यावर शेंड्याची सावली पडू देऊ नको. शेंड्याला सुतळी बांधून उत्तरेकडे ओढून धर, म्हणजे तिला ऊन लागते.

वहिनीला सांग, पाच वर्षं.

---

गच्चीवाला | १२ सप्टेंबर, सकाळी ८:४५

सांगितलं. म्हणाली, "डिश काढून टाका मग, ती कोण बघतं."

---

उंटावरचा_शहाणा | १२ सप्टेंबर, रात्री १०:३०

ते तुटलेलं सहावं, त्याचा फोटो टाक ना जवळून.

आणि, सहज विचारतोय, या झाडांच्या काड्या लागतात का? म्हणजे समजा एखाद्याला एखादी हवी असली तर.

---

कुंडीकाका | १२ सप्टेंबर, रात्री १०:४१

लागतात. आत्ता लाव, हवेत ओल आहे तोवर. पेन्सिलीच्या निम्मी जाड बाजूची फांदी, कापायची नाही, खाली ओढून टाच, म्हणजे मोठ्या फांदीच्या सालीचा तुकडा, सोबत घेऊन तोडायची. खालच्या सुया काढ, रेतीत खोच, सावलीत. आणि मग उपटून पाहू नको मूळ आलं का म्हणून. तीन-चार महिने तर लागतातच.

---

गच्चीवाला | १२ सप्टेंबर, रात्री १०:५०

रविवारी ये. सहाव्याची काडी देतो. मोरपंखी पण तीन आहेत, त्या आजच घेऊन जा म्हटलं तरी चालेल.

---

उंटावरचा_शहाणा | १२ सप्टेंबर, रात्री १०:५२

फक्त काडी. येताना रेती चाळून आणतो.